देवांच्या काचा आणि सत्तारभाईंचं पाणी

सत्तारभाई थापाडे होते, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की लोक त्याला देवमाणूस करून ठेवतात, आणि मला त्या प्रकाराची भारी चीड आहे. सत्तारभाई देवमाणूस वगैरे नव्हते. दर्यातले मासे उडत येऊन बोटीवर पडतात असं ते सांगायचे, अंधारात दर्याचं पाणी पेटतं असं सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने नुसतं 'व्हय का?' म्हटलं की माशांचा आकार आणखी वीतभर वाढायचा. पण माझी कुंदा आज स्वतः लेकुरवाळी झाली आहे, ती या थापाड्या माणसामुळे. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांना शेंदूर न फासता लिहायचं, असं मी ठरवलं आहे.

आमचं गाव खारेवाडी, पाथर्डीच्या पूर्वेला, माळावर. माझे यजमान राधाकृष्ण मास्तर तिथल्या शाळेवर होते. लग्न होऊन मी गावात आले आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. चुलीवर तुरीची डाळ ठेवली, सरपण संपत आलं, तरी डाळ आपली टणक ती टणक. शेजारच्या गोजरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पासष्टीच्या, एकट्या, जिभेने माझ्याइतक्याच तिखट. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हितल्या पान्यात तूर शिजत न्हाई. मूग लावत जा, न्हाईतर दात तरी चांगले लावून घे."

पाणीच तसं होतं. गावाला एकच मोठी विहीर, आणि ती मचूळ. साबणाला फेस येत नसे, धुतलेलं लुगडं वाळलं की पापडासारखं कडक व्हायचं. पण जन्मापासून तेच प्यालेल्या गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. पाऊसकाळ बरा झाला की पाणी थोडं निवळायचं, उन्हाळ्यात खारटपणा वाढायचा, आणि गाव ते निमूट पीत राहायचं.

सत्तारभाई मूळचे याच गावचे, पिंजाऱ्याच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आत बापाशी भांडून मुंबईला पळाले आणि ओळखीच्या एका माणसाच्या वशिल्याने आगबोटीवर लागले. काम आगवाल्याचं, म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचा. बरीच वर्षं ते केलं, हात पोळून घेतले, आणि एक दिवस कंटाळून परत आले. मुंबईत फोटो मढवायची कला शिकले होते, तोच धंदा गावात मांडला. सायकलला मागे काचांची पेटी, पुढे लाकडी पट्ट्यांचा भारा, आणि आठवड्याचे बाजार करत हिंडायचं. कॅलेंडरवरची लक्ष्मी, खंडोबा, दत्त, नवरानवरीचे फोटो, गेलेले म्हातारे, सगळ्यांना काच बसवायची ती सत्तारभाईंनीच. कुणी पैशांसाठी घासाघीस करायला लागलं की म्हणायचे, "तुमचा देव माज्या काचंआड हाय, जरा जपून बोला." लोक हसायचे आणि द्यायचे तेवढे देऊन मोकळे व्हायचे.

त्यांची सगळ्यात मोठी थाप म्हणजे दर्याचं पाणी. "आमी दर्याचं पानी प्यायचो," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. "बोटीवर ह्ये एवढालं भांडं आसतं. त्यात दर्याचं पानी कढवायचं. मीठ खाली ऱ्हातं, वाफ वर जाती. ती वाफ निवली का गोडं पानी. आक्षी गोडं!" सरपंच आबासाहेब यावर हमखास म्हणत, "मंग ते मीठ विकून बंगला का न्हाई बांधला रं?" उडणाऱ्या माशांवर एखाद्याने विश्वास ठेवला असेल, पण या पाण्यावर कुणीच ठेवला नाही. शरिफाभाभी, त्यांची बायको, तीसुद्धा ही गोष्ट सुरू झाली की पदर तोंडाला लावून आत जायची.

मग बहात्तर साल आलं. त्या सालाबद्दल मी फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नव्हताच. गुरं छावणीत गेली, धडधाकट माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली, घरोघर रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या. विहीर मात्र आटली नाही. ती पार तळाला गेली आणि तिचं पाणी इतकं खारट झालं की चूळ भरली तरी जीभ आक्रसायची. टँकर मागायला आबासाहेब तालुक्याला गेले, तर तिथल्या साहेबाने कागद बघून सांगितलं, तुमच्या विहिरीला पाणी आहे. आबासाहेबांनी बाटलीत भरून नेलेलं पाणी त्याच्यासमोर ठेवलं. साहेबाने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, स्वच्छ आहे की. त्याचंही बरोबर होतं म्हणा, मीठ काही डोळ्यांना दिसत नाही.

त्याच दिवाळीनंतर कुंदा झाली. आधीची माझी दोन बाळं महिन्याच्या आत गेली होती, त्यामुळे ही जगली पाहिजे यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. आणि नेमका मला मुदतीचा ताप आला. मी वाचले, पण अंगावरचं दूध गेलं ते गेलंच. गावात गाय नाही, शेळी आटलेली. माहेर म्हणावं तर आई-वडील वारलेले आणि भाऊ कामाच्या शोधात परागंदा. मास्तरांनी पाथर्डीहून दुधाच्या पावडरचा डबा आणला. ती पावडर मी विहिरीच्या पाण्यात कालवली आणि पोरीला पाजली.

पोर उलटी करायची आणि पुन्हा भुकेने रडायची. जो तो सांगे, पाणी उकळून घ्या. मी उकळायची, खूप उकळायची, आणि पोर जास्तच हगायची. पाथर्डीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "बाई, उकळल्याने जंतू मरतात, मीठ मरत नाही. उलट पाणी आटतं आणि मीठ वाढतं. हिला गोडं पाणीच लागेल. आणि आता हिला उन्हातान्हाचं कुठे हलवू नका, अंगात काही उरलेलं नाही." त्यांनी आपल्या घरच्या माठातलं पाणी बाटल्यांत भरून दिलं. मी मुकाट्याने परत आले. सगळ्या जगावर राग काढावा असं वाटत होतं, पण हातात बाटल्या होत्या आणि त्या फोडायच्या नव्हत्या.

पुढे मास्तर सायकलवरून लांबच्या एका मळ्यातून गोडं पाणी आणू लागले. त्या मळेवाल्याने कधी नाही म्हटलं नाही, पण फाल्गुन लागला आणि त्याच्याही विहिरीचा तळ दिसला. घरात उरलेल्या बाटल्यांकडे बघून मी पोरीच्या दुधाचा हिशेब करत होते. तिची टाळू बसली होती आणि रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा झाला होता.

त्या दुपारी सत्तारभाई मास्तरांकडे सहज आले. धंदा बसलेला होता, दुष्काळात कोण फोटो मढवतो? मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांना पाहून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सत्तारभाई, इतकी वर्षं दर्याचं पाणी गोडं केलंत ना? मग आता करून दाखवा. नाहीतर ती गोष्ट पुन्हा गावात सांगू नका."

एरवी त्यांनी दोन मासे फेकले असते. त्या दिवशी नाही. पोरीकडे बघितलं, विहिरीच्या पाण्याचा तांब्या उचलला, नाकाशी धरला, ठेवला, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शरिफाभाभीच्या हंड्यावर परात उपडी घालून, खालून जाळ करून पाहिलं. टोपलीभर गवऱ्या गेल्या आणि वाटीचं बूड जेमतेम ओलं झालं. गुरंच छावणीत, तर रोज एवढ्या गवऱ्या आणायच्या कुठून? शरिफाभाभीने कपाळावर हात मारला. "येवड्या जाळात तर माजा महिन्याचा सैपाक झाला असता," म्हणाली.

खरी युक्ती त्यांना त्यांच्या धंद्याने दिली. फोटो मढवणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. कागदात ओल राहिली आणि तो फोटो उन्हात ठेवला, तर काचेला आतून घाम येतो. गिऱ्हाईक भांडायला येतं, की देव घामेजला. सत्तारभाईंनी या घामापायी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या होत्या. आता त्यांच्या डोक्यात आलं, तो घाम म्हणजे वाफच की. मग जाळ कशाला? ऊन तर फुकट आहे, आणि त्या वर्षी उन्हाला काही तोटा नव्हता.

शाळेच्या मोकळ्या ओट्यावर त्यांनी दगड आणि चुन्याचा एक उथळ हौद बांधला, दोन खाटा मावतील एवढा. मास्तर चुना मळून द्यायचे. तळ काळा पाहिजे, काळं लवकर तापतं, म्हणून सत्तारभाईंनी रस्त्याच्या कामावरच्या रिकाम्या पिंपाला चिकटलेलं डांबर खरवडून आणलं आणि तळाला फासलं. वर होत्या नव्हत्या त्या काचा सपाट मांडल्या. काचेला आतून थेंब धरले तेव्हा मी जवळजवळ नाचलेच. पण थेंब जिथल्या तिथे पुन्हा हौदात पडत होते, आणि जे चार हाती लागले त्यांना डांबराचा असा वास की नाकाशी धरवेना.

"आसं पानी पिऊन लेकरू रस्ता हुईल," सत्तारभाई म्हणाले आणि स्वतःच खळखळून हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डांबर तासून काढायला बसले.

डांबराऐवजी मास्तरांनी तोड काढली. शाळेच्या कोपऱ्यात मुलांच्या फुटक्या दगडी पाट्यांचा ढीग होता. त्या काळ्या, त्यांना वास नाही. सगळा तळ त्या पाट्यांनी भरला. काचा सपाट न ठेवता छपरासारख्या उतरत्या बसवायच्या ठरलं, म्हणजे थेंब काचेच्या आतल्या अंगाने ओघळत खाली येईल आणि तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत पडेल. पन्हळीच्या टोकाला कळशी. काचेचे सांधे बुजवायला खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून लांबी केली. सगळं जमलं, फक्त काचा पुरेनात. सत्तारभाईंच्या पेटीत उरलेल्या काचांनी हौदाचा एक कोपरा तेवढा झाकला गेला.

नगरहून काच आणायची म्हणजे दिवस जाणार आणि पैसा तर कुणाकडेच नव्हता. सत्तारभाई ओट्यावर बसून राहिले. मला त्यांच्या मनात काय आहे ते कळलं होतं, पण ते तोंडातून काढायचं कसं? गावातली प्रत्येक काच त्यांनीच बसवलेली होती. फोटोची काच तडकली तरी आमच्याकडे अपशकुन मानतात, बायका दिवसभर धसका घेऊन बसतात. तिथे मुसलमान माणसाने घरोघर जाऊन देवावरची काच उतरवून द्या म्हणायचं?

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी गेले आणि स्वतःच्या भिंतीवरची मक्का-मदिनेची तसबीर उतरवून तिची काच काढून आणली. ते पाहिलं आणि मी आमच्या घरातल्या सगळ्या उतरवल्या. दत्त, अंबाबाई, आमच्या लग्नाचा फोटो. मास्तर म्हणाले, "अगं, देवाची तरी राहू दे." मी म्हटलं, देवाला जर काच माझ्या पोरीपेक्षा प्यारी असेल तर तो माझा देव नाही. अजूनही मला ते बोलल्याचं काही वाटत नाही.

संध्याकाळी गोजरबाई आल्या. पदराखाली काहीतरी धरलं होतं. त्यांच्या घरात एकच फोटो होता, त्यांच्या मालकांचा. नगरच्या कुठल्याशा स्टुडिओत खुर्चीवर बसून, फेटा बांधून काढलेला. माणूस जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं, आणि रोज सकाळी त्या काचेवर गंध लावल्याशिवाय त्या चहा घेत नसत. तो फोटो त्यांनी सत्तारभाईंच्या पुढे ठेवला. "काड काच," म्हणाल्या.

"आजी, येकच हाय तुमचा. ऱ्हाऊ द्या," सत्तारभाई म्हणाले.

"काड म्हनते ना. जितेपनी हे मानूस कंदी काचंआड बसलं न्हाई. आता काय नाजूक झालंय व्हय?"

ती बातमी वाऱ्यासारखी गेली. मग मात्र सत्तारभाईंना मागावं लागलं नाही. कामावरून परतलेल्या बायका घरात शिरल्या शिरल्या भिंतीकडे बघत आणि फोटो काखेत मारून शाळेकडे येत. लंकाबाईने खंडोबा आणला, राहीबाईने सासऱ्यांना आणलं, कुणी नुसता आरसाच आणला, तो मात्र परत करावा लागला. आबासाहेबांच्या ओसरीत त्यांच्या सत्काराचा एक फोटो होता, हाराने गळा दिसेनासा झालेला, आणि त्याची काच गावात सगळ्यात मोठी. ते दोन दिवस आमच्या बाजूला फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः काच डोक्यावर धरून आले आणि म्हणाले, "हिला मधोमध लावा. कोपऱ्यात नगं." सत्तारभाईंनी ती खरोखर मधोमध लावली.

काच कापायच्या हिऱ्याने काचा बेतून, सांध्यांत लांबी भरून हौद पुरा झाला. सकाळी विहिरीचं पाणी आत सोडलं. ऊन चढलं तशी आतून धुकं धरलं, थेंब झाले, आणि थेंब ओघळू लागले. पन्हळीत पहिला टप असा आवाज झाला तेव्हा ओट्याभोवती जमलेली माणसं वाकून कळशीत बघू लागली. दिवस कलेपर्यंत कळशीत दोन-तीन तांबे पाणी जमलं होतं.

मळ्याच्या विहिरीच्या तळातून मास्तरांनी खरवडून आणलेली शेवटची बाटली त्या दिवशी सकाळी संपली होती. मी वाटीत पाणी घेतलं, मास्तर पावडरचा डबा उघडू लागले, आणि कशी कोण जाणे, मला भीती वाटली. मी विचारलं, "सत्तारभाई, हे बाधणार नाही ना? तुम्ही वर्षानुवर्षं प्यालात हे पाणी. अंगी लागतं ना?"

सत्तारभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वैनी," म्हणाले, "मी कंदी प्यालोच न्हाई."

"म्हणजे?"

"ते पानी बॉयलरला जायाचं. आनि सायबांच्या टेबलाला. आमाला टाकीतलं. मी आपला खाली कोळसा टाकायचो. भांडं बघितलंय, अल्लाकसम बघितलंय, पर पानी न्हाई प्यालो."

इतकी वर्षं छातीवर हात ठेवून सांगितलेली गोष्ट ही अशी निघाली. आणि निघाली तीही कुठे, पोरीच्या तोंडाशी वाटी नेताना. मी चिडायला हवं होतं. पण त्या माणसाला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं, गाव त्यांच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवायला निघालं होतं, आणि त्यांनी माझ्या लेकरासाठी खरं सांगितलं. मला तेव्हा चीड आली नाही. आजही आठवलं की डोळे भरून येतात.

"मग आता काय?" मास्तरांनी विचारलं.

"आता मी पितो," सत्तारभाई म्हणाले. त्यांनी वाटी घेतली, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि पिऊन टाकली. मग आणखी एक. "सकाळपत्तूर मी धड ऱ्हायलो तर लेकराला द्या." त्या रात्री शेजारच्या गावी सायकलवर जाऊन मास्तरांनी कुणीतरी माठात जपून ठेवलेलं तांब्याभर पाणी मागून आणलं आणि पोरीची रात्र तेवढ्यावर काढली. सकाळी सत्तारभाई दारात उभे. मागे शरिफाभाभी. ती म्हणाली, "काय झालं न्हाई यास्नी. उलट चार भाकरी खाल्ल्या. आसंच पानी पीत बसले तर माजं घर धुवून निगंल."

मी दूध कालवलं. कुंदाने ते सगळं प्यायलं. मी वाट बघत बसले. आता उलटेल, मग उलटेल. ती ढेकर देऊन झोपली. जागी झाली ती भुकेने, आणि यावेळी तिचा आवाज ओसरीपर्यंत आला. गोजरबाई पलीकडून ओरडल्या, "मास्तरीणबाई, पोरगी भांडती की गं! आईवर गेली."

सगळा उन्हाळा ते चाललं. सकाळी सत्तारभाई काचा पुसायचे, हौदातलं मीठ खरवडायचे, पाणी भरायचे. फुकट, आणि वर गप्पांसकट. दिवसाला दोन-तीन तांबे, त्यापेक्षा जास्त नाही. एवढ्याने गावाचं भागणारं नव्हतं, एका लेकराचं भागत होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे, की सगळ्या गावाने आपल्या काचा दिल्या आणि त्या पाण्याचा थेंब कुणी मागितला नाही. ते खारट पाणी पीत होते, खारट पाण्याने मिलोची भाकरी गिळत होते, आणि शाळेवरून जाताना कळशीकडे बघून विचारत, "पुरंल का आजच्याला?" मी एकदा गोजरबाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी एक बोट बुडवलं, तीर्थासारखं डोळ्यांना लावलं आणि वाटी माझ्या हातात परत ठेवली. त्या माणसांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार आहे? फेडायचे नसतातच, नुसते मान्य करायचे असतात, असं मला आता वाटतं.

पाऊस लागला. पत्र्याच्या पागोळ्या कळशीत धरून पोरीपुरतं पाणी मिळू लागलं, तेव्हा काचा उतरवायचं ठरलं. कुणाची कुठली काच ते सत्तारभाईंना बरोबर माहीत होतं, प्रत्येक चौकट त्यांच्या हातची. हिऱ्याने कापल्यामुळे ज्या लहान झाल्या होत्या, त्यांच्या चौकटीत त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी घातली. मी कुंदाला कडेवर घेऊन त्यांच्याबरोबर घरोघर हिंडले. मला प्रत्येकाला तोंडाने सांगायचं होतं. सत्तारभाईंचं तोंड तर सुटलंच होतं. आबासाहेबांना म्हणाले, "तुमची काच मधोमध हुती, म्हनून सगळ्यात जास्त घाम तिलाच आला." आबासाहेब खूश झाले.

शेवटी गोजरबाईंचं घर. त्या चुलीपाशी होत्या. फोटो भिंतीवर पालथा टांगलेला होता. सत्तारभाईंनी तो उतरवला, सुलटा केला, आणि दाराच्या उजेडात नेला.

घर धाब्याचं. दोन वर्षांच्या उन्हाने वरच्या मातीला भेगा पडलेल्या, आणि छताला माती टाकायला घरात कुणी माणूस नाही. पाणी नेमकं त्या भिंतीवरून ओघळलं होतं. काच नसलेल्या कागदावरचं सगळं धुऊन गेलं होतं. खुर्चीचा एक हात दिसत होता, खांदा दिसत होता, फेट्याची कड होती. मध्ये चेहरा होता तिथे नुसता पिवळट डाग उरला होता.

"आजी," सत्तारभाई कसेबसे म्हणाले, "कवा झालं ह्ये?"

"वळवात."

"वळवात? म्हंजी वैशाखात? मला सांगायचं न्हाई? त्याच दिशी हौदावरची काच आनून बसवली आसती मी. उरलेलं तरी वाचलं आसतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," गोजरबाई म्हणाल्या, आणि माझ्या कडेवरच्या कुंदाला घ्यायला त्यांनी हात पुढे केले.

मला रडू आवरेना. मी त्यांच्या पायाशी वाकले तर त्यांनी मला ढकललं, "हो बाजूला, पोरगी दचकंल." सत्तारभाई खाली बसले. त्यांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली, पुन्हा पुसली, उजेडात धरून बघितली, आणि त्या चेहरा नसलेल्या फोटोवर ती इतक्या जपून बसवली की तेवढं जपून त्यांनी कुठला देवही मढवला नसेल. बारीक चुका ठोकल्या. मागे कागद चिकटवला. भिंतीवर ओल नाही अशी जागा शोधून फोटो टांगला.

गोजरबाईंनी कुंदाला डाव्या हातावर घेतलं, कोनाड्यातून गंधाची वाटी काढली, आणि उजव्या हाताचं बोट बुडवून त्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, गंध लावलं.